आजोबांच्या फोटोंची जुळवाजुळव

प्रश्न : आजोबांनी काढलेले कृष्णधवल फोटो आणि काही निगेटिव्ह ट्रंकेत सापडल्या. कलाशिक्षण घेणारी माझी मुलगी त्या स्कॅन करून, निरनिराळ्या काळांतली माणसे एकाच चौकटीत आणणारी चित्रमालिका करणार आहे. हा खोटेपणा आहे, असे माझे थोरले बंधू म्हणतात. आपले मत काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कलावंत विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांनी २००१-०२ मध्ये नेमके हेच केले. चित्रकार अमृता शेरगिल (१९१३–१९४१) या त्यांच्या मावशी, आणि अमृतांचे वडील उमरावसिंग हे हौशी पण फार कसलेले छायाचित्रकार होते. आजोबांनी टिपलेल्या घरच्या छायाचित्रांतून माणसे उचलून सुंदरम यांनी ती संगणकावर नव्याने जुळवली आणि ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका घडवली. मावशीच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या भाच्याने केलेली ही भेट आहे, असे मला ती पाहताना वाटते.

आपल्या बंधूंचा आक्षेप मात्र उडवून लावण्याजोगा नाही. फक्त त्यांनी मूळ फोटो संपूर्ण खरा मानला आहे, तिथे माझा मतभेद आहे. उमरावसिंग स्वतःलाच वारंवार कॅमेऱ्यासमोर बसवत, मुलींनाही नटवून उभे करत. म्हणजे मांडणी मुळातच होती, नातवाने ती पुढे नेली. आपल्याकडे स्टुडिओतल्या रंगीत पडद्यापुढे, एरवी कधी न घातलेला कोट चढवून काढलेले फोटो घरोघरी आहेत, आणि त्यांना कोणी खोटे म्हणत नाही. जुळवणी जुळवणी म्हणूनच दाखवली, तर फसवणूक होत नाही. हयात नातेवाइकांच्या प्रतिमा वापरायच्या असतील, तर त्यांची संमती मात्र घ्यावीच.

मूळ फोटोंना व निगेटिव्हना कात्री लावू नये. फोटोंच्या पाठीमागचा मजकूरही स्कॅन करावा. अनेकदा नाव आणि गाव तिथेच लिहिलेले असते. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर त्या काढून टाकाव्यात. शिवाय काम सुरू होण्यापूर्वी बंधूंना फोटोंसमोर बसवून कोण कोण आहे ते लिहून घ्यावे, कारण घरात ते सांगू शकणारे बहुधा तेच एकटे उरले असतील.