रेडिओ रिसीव्हरचा मिक्सर बनवतोयस? आधी डायोड जुळव

मिक्सर सिग्नलांची बेरीज नाही, गुणाकार करतो, म्हणूनच त्यातून दोन फ्रिक्वेन्सींचा फरक बाहेर येतो. हे पक्कं डोक्यात ठेव. नाशिक आकाशवाणीचं 101.4 मेगाहर्ट्झ घे. लोकल ऑसिलेटर, म्हणजे रिसीव्हरमध्येच दुसरा सिग्नल तयार करणारं सर्किट, 112.1 वर ठेवलास की फरक येतो 10.7, पुढच्या फिल्टरसाठी तोच आपल्याला हवा. पण 122.8 चाही फरक 10.7 च येतो! ही इमेज, म्हणजे तोच फरक देणारी नको असलेली फ्रिक्वेन्सी, विमानांच्या रेडिओ पट्ट्यातली. मिक्सरनंतर ती काही केल्या निघत नाही, फिल्टर अँटेनाकडेच लाव.

मिक्सरमधल्या चार डायोडच्या रिंगसाठी शॉट्की डायोड (कमी व्होल्टेजला उघडणारे) मल्टिमीटरच्या डायोड मोडवर मोजून निवड, फरक 5 मिलिव्होल्टच्या आत हवा. बोटांत धरून मोजू नकोस. ऊब लागली की आकडा अंशाला साधारण एक-दोन मिलिव्होल्टने घसरतो. जोड्या नीट नसतील तर ऑसिलेटर थेट अँटेनाकडे गळतो.

ऑसिलेटरची पॉवर 7 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये) दे, म्हणजे 50 ओहमवर साधारण 1.4 व्होल्ट पीक-टू-पीक. कमी दिलास तर डायोड अर्धवट उघडतात आणि मिक्सरमध्ये होणारा 6-7 डीबीचा सिग्नल लॉस आणखी वाढतो. मिक्सरच्या पुढचा क्रिस्टल फिल्टर मात्र थेट जोडू नकोस, त्याने परत फेकलेले सिग्नल मिक्सरमध्ये पुन्हा मिसळतात. मध्ये डायप्लेक्सर (नको असलेले सिग्नल वेगळे काढून जिरवणारं सर्किट) घाल, निदान 3 डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं रेझिस्टरांचं सर्किट) तरी.