हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो. घरी प्लमचं कोणतं झाड लावावं?

जागा एकाच झाडापुरती असेल तर डोळे झाकून 'माउंट रॉयल' घ्या. निळसर युरोपीय प्लम, स्वतःच्याच परागावर फळतो. दोन झाडं मावत असतील तर 'सुपीरियर' (मिनेसोटा विद्यापीठाचा, १९३३ चा) आणि सोबत 'टोका'. चवीला सुपीरियर सरस, पण एकटा लावलात तर नुसता फुलोरा बघत बसाल. 'टोका' जातीचे पराग लागतातच.

थंडीने झाड मरेल याची भीती सगळ्यांना असते. खरा घात वसंतात होतो. प्लम लवकर फुलतो आणि उमललेलं फूल उणे २-३ अंशांतच गारठतं; फूल उघडून बघा, मधला भाग काळा पडला असेल तर त्याचं फळ धरणार नाही. म्हणून खोलगट जागा टाळा, थंड हवा तिथेच साचते. किंचित उतार उत्तम.

लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा. उन्हाळा सरत आला की नत्रखत बंद, नाहीतर कोवळी फूट थंडीत सापडते. हिवाळ्याआधी बुंध्याला पांढरा रंग द्या, म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री गोठण यांनी साल तडकत नाही. फळासाठी मात्र तीन-पाच वर्षं थांबावं लागेल.