दोघंही नोकरीला, मुलं लहान, घरी पोचायला आठ वाजतात: घरातले साधे खेळ आणि चालीरीती कुठून सुरू करायच्या?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घोडबंदर रोडला तुम्ही चौघंच राहता, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आजी-आजोबा गावी. मोबाईल काढून घेतला की रडारड. तुमच्या लहानपणी घर भरलेलं असायचं, ते इथे कसं आणायचं, असं विचारलंय.

मी वर्तकनगरला राहतो. आमच्याकडेही दोघं नोकरीला आणि मुलं साधारण तुमच्या मुलांच्याच वयाची. माझं म्हणणं एवढंच की मुलांसाठी वेगळा वेळ काढायच्या मागे लागू नका. आठनंतर तो निघत नाही आणि आपलीच चिडचिड होते. घरात जे रोज होतंच, त्यातलं एखादं काम मुलांच्या नावावर करून टाका. पण काम खरं हवं, त्यांनी नाही केलं तर घराचं अडेल असं.

आमच्याकडे पानं घेणं मुलाकडे आहे. ताटं, वाट्या, फुलपात्रं, आणि कोणाचं फुलपात्रं कुठलं यात चूक खपत नाही. देवापाशी वात तेलात भिजवून ठेवायची मुलीने, दिवा लावायचा आम्ही दोघांपैकी जो आधी हातपाय धुऊन येईल त्याने. तिन्हीसांजा तर केव्हाच टळलेल्या असतात, तरी दिवा लागतो, शुभंकरोती होते आणि मगच जेवायला बसतो. थंडीत मटार आले की सोलायला चौघं. शेंग हातात घेऊन चाचपायची, आत दाणे किती ते आधी सांगायचं, मग सोलायची. बरोबर आलं तर दाणे सांगणाऱ्याच्या तोंडात. भाजीला थोडे कमी पडतात, पडू देत. या वेळात मोठ्यांचे मोबाईलही कपाटात जायला हवेत, नाहीतर मुलांना आपण काय सांगणार!

खेळांत पहिला मान पत्त्यांना. एक कॅट आणा, बाकी काही लागत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी भिकार-सावकार उत्तम. पत्ते सारखे वाटायचे, आपल्या गठ्ठ्यातलं वरचं पान पाळीपाळीने मधे टाकायचं, आधीच्या पानाशी आकडा जुळला की सगळी थप्पी आपली. यात डोकं चालवावं लागत नाही, त्यामुळे लहान मूल मोठ्यांना खरोखरच हरवू शकतं. मुद्दाम हरायची गरज नाही. मुलांना ते लगेच कळतं आणि आवडत नाही.

सात वर्षांच्या मुलीला बदाम सात शिकवा. सगळे पत्ते वाटायचे, बदामाची सत्ती ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची. तिच्या एका बाजूला छक्की, पंजी असं उतरत एक्क्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला अठ्ठीपासून चढत राजापर्यंत. इस्पिक, किल्वर, चौकट यांची रांग त्यांची सत्ती आली की उघडते. लावायला पान नसेल तर पास. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला. मुलीला आठवड्याभरात कळतं की सत्ती अडवून धरली की समोरच्याची कोंडी होते, आणि तिच्या चेहऱ्यावर ते लपत नाही. लहान्याच्या मुठीत तेरा पानं मावत नाहीत. त्याच्यासमोर दोन जाड पुस्तकं आडवी एकमेकांना चिकटवून ठेवा आणि मधल्या फटीत पानं उभी करा. जेवण झाल्यावर एकच डाव, मग अंथरुणं. रडून दुसरा डाव मिळत नाही हे चार दिवसांत ठरून जातं.

सणांचं म्हणाल तर सगळे धरू नका. दोन-तीन निवडा, पण ते दरवर्षी त्याच पद्धतीने करा.

दिव्याची अवस जरूर धरा. आषाढातल्या या अमावास्येला आताशा लोक गटारी म्हणूनच ओळखतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण लहान मुलांसाठी याच्याइतका सोपा सण नाही. घरातली समई, निरांजनं, जे असेल ते खाली काढायचं आणि मुलांच्या हाती भिजवलेली चिंच आणि मीठ द्यायचं. चिंचेच्या आंबटाने पितळेवरचा काळा थर सुटतो. बोटं काळी होतात आणि त्याच बोटांखालून पिवळं पितळ वर येतं, ते बघताना मुलांना हाक मारली तरी ऐकू येत नाही. मग गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट भिजवायची, मुलांनी अंगठ्याने खळगा करून दिवे वळायचे, कुकरला शिट्टी न लावता वाफवायचे आणि तूप घालून खायचे. वाकडा दिवा ज्याने केला त्यानेच खायचा असं नाही, तो आधी संपतो.

दुसरा दिवाळीचा किल्ला. बाल्कनीत होतो. खाली प्लॅस्टिक, त्यावर विटा किंवा बुटांचे खोके, वर ओलं गोणपाट आणि नर्सरीतून आणलेली लाल माती. हळीव वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस पेरा, म्हणजे दिवाळीला किल्ला हिरवा दिसेल. पाणी शिंपडायचं काम लहान्याचं, आणि ते तो दिवसातून दहादा करणार हे धरूनच चाला. किल्ला कुठलाही डोंगर नको, नावाचा हवा. आम्ही गेल्या वर्षी राजगड केला. रायगडाच्या आधी महाराजांची राजधानी तीच. मधे बालेकिल्ला आणि त्याच्या भोवती पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, त्यामुळे आकार मुलांच्या हाताला जमतो. 'संजीवनी लांबडी आहे, अशी बुटकी नाही,' असं मुलगी आम्हाला सांगते. मावळे जांभळी नाक्याला मिळतात, पण एकदम सगळे घेऊ नका. दरवर्षी दोन-तीन आणायचे आणि जुने वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवायचे. माती शेवटी कुंड्यांत जाते.

नवरात्रात सोसायटीत कोणी भोंडला करत असेल तर जा, नसेल तर घरीच पाटावर हत्ती काढून फेर धरा. गाणी चार आली तरी पुरतात. मुलांचा जीव खिरापतीत असतो. बंद डबा कानाशी हलवून आत काय ते ओळखायचं. भाजके दाणे वाजतात, शिरा वाजत नाही.

बाहेर म्हणाल तर रविवारी सकाळी तलावपाळीला एक फेरी बास. तुमच्या मुलाला गाड्या आवडत असतील तर त्याला सांगा की आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली, आणि तिला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती. ही गोष्ट आमच्याकडे अजूनही झोपताना मागून घेतली जाते. थंडीपासून मे महिन्यापर्यंत ऐरोलीच्या बाजूला खाडीत रोहित पक्षीही दिसतात.

राहिले गावचे आजी-आजोबा. नुसतं 'कसा आहेस, जेवलास का' यावर मुलं फोनवर दोन मिनिटंही टिकत नाहीत. आजीला सांगा, रोज फोन ठेवताना एक कोडं घालायचं आणि उत्तर दुसऱ्या दिवशीच द्यायचं. सुपभर लाह्या, त्यात एक रुपाया, असली जुनी कोडी त्यांच्याकडे भरपूर असतात. आमची मुलं या कोड्यासाठी खिडकीत जाऊन आभाळाकडे बघून आली होती, तरी उत्तर सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन त्यांनीच लावला.