अभ्यासात लक्ष लागावं म्हणून कोणतं संगीत लावावं?

प्रश्न असा आहे: "लातूरला रूम करून राहतो, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा रिपीटर आहे. पुस्तक घेऊन बसलं की आळस येतो. लक्षही लागावं आणि उत्साहही टिकावा, असं कोणतं म्युझिक लावू?"

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत आणि घोटाळा तिथंच आहे. आळस झटकणारं गाणं वेगळं आणि पुस्तक उघडल्यावर चालणारा आवाज वेगळा. पहिलं काम करणारं गाणं दुसऱ्याची वाट लावतं.

मी परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानात हिशोब लिहितो. सोयाबीनच्या हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याची बिलं, लिहून लिहून बोटं आखडतात. एका दिवाळीच्या तोंडावर कानात गाणी लावून बसलो होतो. सगळी तोंडपाठ, म्हणजे त्रास होणार नाही असा माझा हिशोब. तर 12 क्विंटल 40 किलोच्या जागी मी 14 क्विंटल 20 किलो लिहून मोकळा. मुनीमजींनी काट्याच्या पावतीशी ताळा करताना धरलं. म्हणाले, "पट्टी लिहायलास का गाणं म्हणायलास?"

खरंच मी मनात गाणंच म्हणत होतो. आकडा पावतीवरून पट्टीवर नेताना तो क्षणभर मनात घोळवावा लागतो. वाचतानाही शब्द आपण मनातल्या मनात उच्चारतोच. गाण्याचे शब्द नेमके त्याच जागेत घुसतात.

यावर कुणीतरी सांगेल, कोरियन गाणी लाव, अर्थच कळत नाही तर लक्ष कुठं जाणार? पण 1976 साली कोल आणि वेल्श या दोघा संशोधकांनी जर्मन न येणाऱ्या लोकांच्या कानावर जर्मन वाचन घातलं, तरी त्यांना लक्षात ठेवायला दिलेल्या गोष्टी विसरायला झाल्या. अर्थ कळो न कळो, आवाज सारखा बदलत राहिला की स्मरणात खोडा पडतो. एकसुरी आवाज मात्र फारसा नडत नाही. पंख्याची घरघर कुणाला आडवी येते? उलट लाईट गेली आणि पंखा थांबला की आपण दचकून मान वर करतो.

म्हणून माझं उत्तर तानपुरा. फोनवर तानपुऱ्याची फुकटातली ॲप मिळतात. पंचम, मग जोडीच्या तारांचा षड्ज दोनदा, मग खर्ज, एवढंच फिरत राहतं. सुराची पट्टी कोणतीही ठेवा, तुम्हाला काही गायचं नाही. आवाज पंख्याच्या खालीच असू द्या. संतूर किंवा बासरी आवडत असेल तर आलाप आणि जोड, म्हणजे सुरुवातीचा तबल्याविना भाग, तेवढाच ऐका. तबला आला की मी बंद करतो. तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा तोच तुकडा, सुरू झाली की मन सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येते याची वाट बघत बसतं आणि तेवढ्यात हातातली ओळ निसटते.

'बुद्धी तल्लख करणारं' म्हणून जे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ असतात त्यांच्या नादी लागू नका. त्यातल्या बऱ्याच दाव्यांचं मूळ युरोपातला जुना संगीतकार मोझार्ट याच्या संगीतावरच्या 1993 च्या प्रयोगात आहे. त्यात कॉलेजातली 36 मुलं होती, फरक दिसला तो आकारांच्या कोड्यांत आणि टिकला दहा-पंधरा मिनिटं. नंतरच्या संशोधकांनी त्याचं श्रेय बरंचसं मन प्रसन्न आणि अंग जागं होण्याला दिलं. बुद्धीत काही भर पडली नव्हती. शिवाय असल्या व्हिडिओत मध्येच खताची नाहीतर कोचिंगची जाहिरात किंचाळते.

आता आळसाचं. त्याला शब्दांची, ठेक्याची, नाचवणारी गाणी बेलाशक लावा, पण बसायच्या आधी. पोळ्याला हलगी कडाडली की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावरून उठतात, तसलं काहीतरी. व्यायामासाठी मिनिटाला 120 ते 140 ठोक्यांचं संगीत सुचवतात, तेच इथंही चालेल. दोन गाणी, तेवढ्यात तोंड धुणं, टेबल आवरणं, बाटली भरणं. दुसरं संपलं की बसायचं. तिसरं शोधायला गेलात तर अर्धा तास फोनमध्ये गेलाच म्हणून समजा.

सगळ्या अभ्यासाला एकच नियम नको. बायोलॉजीची ओळ न ओळ वाचताना काहीच लावू नका. फिजिक्सची गणितं सोडवताना तानपुरा चालतो. आकृत्या पुन्हा काढणं, चुकांची वही उतरवणं असल्या हातकामाला गाणीसुद्धा चालतील. आणि 180 प्रश्नांचा सराव पेपर तीन तास कोरड्या शांततेत द्या, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये तानपुरा कोणी लावून देणार नाही.

पहिल्या दिवशी तानपुरा कंटाळवाणा वाटेल, माझंही तसंच झालं होतं. मला पाच-सात मिनिटांनी तो ऐकू येईनासा झाला. मुनीमजींनी चहाला हाक मारली तेव्हा इअरफोन काढले आणि मग कळलं की तो अजून चालूच होता.