जुनी डर्ट बाइक, खरे भाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९६८ ची यामाहा डीटी-१ अर्धवट सुटलेल्या अवस्थेत घेतली आहे. विकणारा म्हणतो, इंजिनला 'जीवायटी किट' आहे. मूळ भाग ओळखायचे कसे, शोधायचे कसे? आणि किट ठेवू की काढू?
– एक वाचक, न्यू जर्सी

आधी चासी आणि इंजिनावरचे क्रमांक पाहा. डीटी-१ चे दोन्ही क्रमांक 'डीटी१' या अक्षरांनी सुरू होतात आणि कारखान्यातून निघालेल्या गाडीत ते एकमेकांशी जुळतात. जुळत नसतील तर इंजिन कधीतरी बदललेलं आहे. गाडी त्याने वाईट ठरत नाही, पण भागांची यादी करताना इंजिनाचे भाग इंजिनाच्या क्रमांकावरून आणि बाकीचे चासीवरून शोधावे लागतात.

नंतर यामाहाच्या पार्ट नंबरची रीत समजून घ्या. तिच्यामुळे निम्मा शोध घरबसल्या होतो. उदाहरणार्थ, २१४-११६३१-००. पहिले तीन अंक म्हणजे तो भाग मुळात ज्या मॉडेलसाठी बनला त्याचा संकेत. २१४ म्हणजे डीटी-१. मधले पाच अंक भागाचं काम सांगतात : ११६३१ पिस्टन, ११६१० रिंगांचा जोड, ११३५१ ब्लॉकखालचं गॅस्केट, १११८१ हेडचं. हे मधले अंक यामाहाच्या बहुतेक गाड्यांत तेच असतात, आरएक्स १०० लासुद्धा. शेवटचे दोन अंक सुधारणेचे. ०० म्हणजे पहिला नमुना, ०१ म्हणजे त्यात काहीतरी बदललं. ओव्हरसाइज पिस्टन (सिलिंडर घासून मोठा केल्यावर लागणारे) ११६३५, ११६३६ असे पुढे जातात.

याचा उपयोग असा. दुकानदार '२१४ चा माल बंद झाला' म्हणाला की बरेच जण शोध सोडतात. पण कंपनी तोच भाग पुढच्या मॉडेलच्या नंबराखाली चालू ठेवते आणि जुना नंबर नव्यात विलीन होतो. म्हणून 'या नंबराला बदली नंबर कोणता' हे विचारायचं. उलट बाजूनेही शोधा : तोच भाग आणखी कोणत्या गाडीला लागत होता ते जुन्या पार्ट कॅटलॉगांत पाहिलं की क्लचच्या प्लेटा, स्प्रिंगा, केबली अशा बऱ्याच वस्तू कमी नावाजलेल्या मॉडेलच्या नावाने स्वस्तात पडून असलेल्या सापडतात. '९०' ने सुरू होणारे नंबर नट, वॉशर, पिना यांचे आणि '९३' ने सुरू होणारे बेअरिंग आणि ऑइल सीलचे. त्यांना कंपनीच्याच पाकिटाची गरज नाही, मापावर घ्या. बेअरिंगचा नंबर त्याच्या कड्यावर आणि सीलचं माप सीलवरच असतं : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. क्रँकचं बेअरिंग मात्र सी-३ फटीचंच, म्हणजे आत जरा जास्त फट असलेलं, मागा. आतलं कडं क्रँकवर दाबून बसतं, वर गरम होऊन फुगतं. साध्या फटीचं बेअरिंग अशा वेळी घट्ट होऊन लवकर ओरडायला लागतं.

खरेदीचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. चकाकणाऱ्या वस्तू आधी येतात : स्टिकर, सीट कव्हर, केबली. हे सगळं नव्याने बनतं, उद्याही मिळेल. आधी शोधायचं ते पुन्हा सहसा कोणी बनवत नाही ते : इंजिनाच्या केसिंग, हब, फोर्कच्या खालच्या नळ्या, सायलेन्सर, बाजूची झाकणं आणि एअर बॉक्स. एअर बॉक्सकडे सर्वांत दुर्लक्ष होतं. तो नसला की हवा मोकळी आत जाते, मूळ जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) त्या हवेला पुरत नाही आणि आठवडाभर लोक कार्ब्युरेटरला शिव्या देत बसतात. यातले तीन-चार भाग गहाळ असतील तर सुटे जमवण्यापेक्षा एक मोडकी, पण पूर्ण डीटी-१ घेणं बहुधा स्वस्त पडतं.

न वापरलेला जुना कोरा माल, म्हणजे एनओएस, हे शब्द ऐकले की हात सैल होतो. धातूच्या भागासाठी खुशाल द्या पैसे. रबरासाठी नको. पन्नास वर्षं पाकिटात पडलेलं सील कडक झालेलं असतं. त्याची ओठासारखी कड क्रँकवर नीट टेकत नाही. मॅग्नेटो बाजूचं सील गळलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन जाम होतो. क्लच बाजूचं गळलं की गिअरबॉक्सचं ऑइल जळून पांढरा धूर येतो. म्हणून सील, होस, टायर ताजेच घ्या आणि इंजिन जोडल्यावर इनटेक-एक्झॉस्ट बंद करून आत सुमारे ६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा. किक त्यानंतर.

आता किट. जीवायटी म्हणजे 'जेन्युइन यामाहा ट्यूनिंग'. कंपनीने स्वतः शर्यतीसाठी विकलेला हा संच : वेगळा सिलिंडर, हेड, एका रिंगचा पिस्टन, २६ ऐवजी ३० मिमीचा कार्ब्युरेटर आणि एक्स्पान्शन चेंबर (शर्यतीचा फुगीर सायलेन्सर). म्हणजे हा ऐच्छिक असला तरी परका भाग नव्हे, त्या काळाचाच आहे. खरा आहे का, हे एका छोट्या चुंबकाने कळतं. मूळ सिलिंडरला आतून बिडाची स्लीव्ह (नळी) आहे, चुंबक आत घट्ट चिकटतो. किटचा सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा, आतून क्रोमचा मुलामा दिलेला. तिथे चुंबक धरत नाही. घट्ट चिकटला तर एक तर मूळ ब्लॉक आहे किंवा किटच्या सिलिंडरात कोणीतरी नंतर स्लीव्ह टाकली आहे.

क्रोमचा सिलिंडर बोअर करता येत नाही. मुलामा सोललेला दिसला, विशेषतः एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला, तर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा नवा मुलामा हा चांगला उपाय. क्रोमच्या सिलिंडरात क्रोमची रिंग घालू नका. क्रोमवर क्रोम घासलं की दोन्ही ओरबाडतात. बिडाची रिंग हवी.

ठेवायचं की काढायचं? गाडी मातीवर पळवायची असेल तर पूर्ण संच ठेवा. अर्धा संच म्हणजे फक्त चेंबर किंवा फक्त मोठा कार्ब्युरेटर, हे सर्वांत वाईट : ताकद वाढत नाही आणि खालच्या आरपीएमला गाडी मरते. दाखवायची असेल तर मूळ सिलिंडर बसवा आणि किट तेल लावून बाजूला ठेवा, विकू नका. गाडीसोबत ठेवलेलं किट गाडीची किंमत वाढवतं.

खोलताना एक सूचना. या गाड्यांचे स्क्रू जपानी जेआयएस खाचेचे आहेत, डोक्यावर बहुधा एक छोटा ठिपका असतो. साधा चौफुली पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. जेआयएसचा पेचकस घ्या, किमतीत फार फरक नाही.

प्रश्न : आरएक्स १०० ला मातीवरच्या शर्यतीसाठी तयार करतोय. बाजारात 'ओरिजनल १एल१ ब्लॉक' म्हणून तीन वेगवेगळ्या किमती सांगतात. खरा कोणता? आणि चासी कापावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

चासी कापू नका. मागची लूप कापून उंच मडगार्ड लावलेल्या आरएक्स गावोगाव दिसतात. पुन्हा जोडलेलं वेल्डिंग शॉकअपच्या माऊंटिंगपाशी तडकतं आणि मूळ चासी परत मिळत नाही. १९८५ ते १९९६ एवढ्याच काळात ही गाडी बनली, आता तिच्या चासीला भाव आहे. हँडल, फूटरेस्ट, टायर, फोमचा तेलात भिजवलेला एअर फिल्टर, स्प्रॉकेट : एवढं बदलून पाहा. सगळं परत मूळ करता येतं. स्प्रॉकेटचा हिशोब सोपा आहे. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील तर गुणोत्तर ३. पुढचा एक दात कमी केला (१३) की ३.२३. मागे तीन वाढवले (४५) तरी जवळपास तेच, ३.२१. पुढचं स्वस्त, म्हणून आधी तेच करून पाहा.

ब्लॉकवरचा नुसता '१एल१' हा मॉडेल-संकेताचा छाप पुरावा नाही, तो डुप्लिकेटवरही ओततात. ब्लॉक हातात घेऊन पोर्टमध्ये बोट फिरवा. खऱ्या ब्लॉकात पोर्टच्या कडा स्वच्छ असतात, स्लीव्ह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या एकमेकींवर नीट बसतात. नकलेत पायरी लागते, बाहेरचे पंखे (गार करणाऱ्या पट्ट्या) जाडेभरडे असतात आणि गॅस्केटच्या तळव्याला ओतकामाची भोकं दिसतात. त्या पायरीमुळे वारा अडतो, गाडी वरच्या आरपीएमला चढत नाही. वापरलेला खरा ब्लॉक आणि कोरा नकली यांत आमची पसंती वापरलेल्या खऱ्याला, बोअरला अजून वाव असेल तर. मूळ बोअर ५० मिमी आहे. २५, ५०, ७५, १०० (म्हणजे ०.२५ ते १ मिमी मोठे) असे ओव्हरसाइज मिळतात. ७५ चा पिस्टन आत असेल तर एकच पायरी उरली, किंमत त्या हिशोबाने करा.

पुण्यात नाना पेठेत किंवा आपल्या गावच्या जुन्या स्पेअरवाल्याकडे जाताना जुना पिस्टन सोबत न्या. आणि लेथवाल्याकडे ब्लॉक एकटा कधीच देऊ नका : आधी नवा पिस्टन विकत घ्या, दोन्ही एकत्र द्या. पिस्टनचं माप स्कर्टच्या खालच्या भागात, पिनेच्या काटकोनात घ्यायचं आणि बोअर त्यावर साधारण ०.०४ मिमी फटीचा ठेवायला सांगायचा. 'अंदाजाने केलं' असं म्हणणाऱ्याकडे काम नको. होनिंगनंतर (बोअर शेवटचा घासून घेतल्यावर) पोर्टच्या कडा हलक्या मारून घ्या, नाहीतर रिंग पहिल्याच दिवशी अडकून तुटते. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ दाबा आणि टोकांमधली फट फीलर गेजने पाहा, ०.२ ते ०.३५ मिमीच्या आसपास हवी. रिंगचा छाप वरच्या बाजूला.

प्रश्न : स्क्रॅम्बलरसाठी (कच्च्या रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी) फायबरची टाकी बनवून घेतली. सहा महिन्यांत आतून चिकट झाली आणि जेट बंद पडतो. टाकी खराब बनली का?
– एक वाचक, रत्नागिरी

बनावट चांगली असली तरी हेच झालं असतं. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं आणि साध्या पॉलिएस्टर रेझिनला इथेनॉल मऊ करतं. तेच विरघळून खाली येतं आणि जेटमध्ये डिंकासारखं बसतं. जुन्या स्पॅनिश बुल्टाको, मोन्टेसांच्या फायबर टाक्या परदेशात याच कारणाने गेल्या. आतून सीलर ओतून काही काळ निभावतं, पण चिकट झालेल्या भिंतीवर सीलर धरत नाही, पापुद्रे सुटतात. पत्र्याची टाकी घ्या. फायबरचा आकारच हवा असेल तर तो वरून कवच म्हणून वापरा आणि आत छोटी पत्र्याची टाकी बसवा.

कार्ब्युरेटर पूर्ण खोलून जेट तारेने नव्हे, क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं. पेट्रोलचा पाइप आणि फ्लोट निडल इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्या. ई-२० ला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे जुन्याच मेन जेटवर मिश्रण पातळ पडतं. जेट एक पायरी मोठा करून पूर्ण थ्रॉटलवर पळवा, इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग पाहा. पोर्सेलिन पांढरं असेल तर अजून मोठा, काळं ओलं असेल तर परत खाली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट बाऊल रिकामे करा. कोकणातल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसतं.

प्रश्न : १९७२ ची जावा २५० आहे. 'व्हीए' (व्हिंटेज) नोंदणी घ्यायची आहे. उंच हँडल, वर वळवलेला सायलेन्सर चालेल का?
– एक वाचक, नागपूर

२०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी व्हिंटेज धरली जाते, मात्र ती मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे ५,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. तपासणीच्या वेळी मूळ हँडल आणि मूळ जोडी सायलेन्सर लावलेले असू द्या. नट-बोल्टाने बसणारं हँडल नंतर बदलता येतं. सायलेन्सरसाठी चासीला नवा कान वेल्ड करावा लागत असेल तर ते करू नका. आणि ही नोंदणी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. दर रविवारी मातीवर न्यायचा बेत असेल तर साधी नोंदणी चालू ठेवलेली बरी.