व्हायकिंग थडग्यातलं लाकूड कुजून गेलं, तर तिथे जहाज पुरलं होतं हे कळतं कसं?

खिळ्यांवरून.

व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी. बड्या माणसांना ते कधीकधी जहाजासकट पुरत. ते लोक जहाजाच्या फळ्या कडेला एकमेकींवर थोड्या चढवून बसवत. दोन्ही फळ्यांतून लोखंडी खिळा आरपार घालायचा, आतून त्यावर छोटी चौकोनी चकती ओवायची आणि टोक ठोकून चपटं करायचं. पुढे लाकूड मातीत मिसळतं, खिळे मात्र ओळीने जिथल्या तिथे राहतात.

डेन्मार्कमधल्या लाडबीला मी गेले होते. तिथे अशाच एका थडग्यावरच्या टेकाडाच्या पोटात शिरता येतं. आत काचेपलीकडे जहाज 'दिसतं', पण लाकूड जवळपास नाहीच! आहे तो २१ मीटरहून लांब असा मातीतला ठसा, सुमारे दोन हजार खिळे, घोड्यांची हाडं आणि जहाजाच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या, टोकाशी लोखंडी वेटोळी, म्हणजे ड्रॅगनची आयाळ. १९३५च्या सुमारास हे उकरणाऱ्यांनी खिळे उपटून पेटीत भरले असते, तर हाती फक्त भंगार उरलं असतं.

एकेक खिळाही बरंच सांगतो. डोकं आणि चकती यांच्यातलं अंतर म्हणजे दोन फळ्यांची मिळून जाडी. शिवाय गंजताना लोखंडाचे क्षार शेजारच्या लाकडात मुरतात. लाकूड जातं, त्याच्या रेषा गंजात उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो ओक होता की पाईन, हे पुष्कळदा ओळखता येतं. म्हणून असा खिळा घासून चकचकीत करायचा नसतो. आधी एक्स-रे काढतात.

नॉर्वेतल्या ओसेबर्गची गोष्ट उलटी. तिथलं थडगं इ. स. ८३४ मधलं, दोन स्त्रियांचं. चिकणमाती आणि गवताच्या ढेपांखाली हवा पोचली नाही, म्हणून १९०४ साली जहाजच काय, कोरीवकामाच्या घसरगाड्याही लाकडासकट निघाल्या. मऊ पडलेलं लाकूड वाळताना आक्रसू नये म्हणून त्यातल्या बऱ्याच वस्तू तुरटीच्या गरम पाण्यात मुरवल्या. (हो, आपली दाढीनंतरची तुरटी.) त्या काळी तो चांगलाच उपाय मानला जाई. पण त्यातून लाकडात गंधकाम्ल तयार झालं आणि हजारावर वर्षं मातीत तगलेल्या वस्तू आतून भुसभुशीत झाल्या. जहाजाचा ओक टणक होता. तो तुरटीत न घालता हळूहळू वाळवला, म्हणून तो धड आहे.