संपाच्या भीतीने एजंटला जादा पैसे द्यावेत का?

सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. (कृषी) झाला असून त्याला कॅनडातील एका विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश मिळाला आहे. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांचा 2023 सारखा संप पुन्हा झाल्यास स्टडी परमिट (तिथे शिकण्याचा परवाना) अडकेल, असे सांगून एजंट ‘आतून फाईल हलवण्यासाठी’ जादा रक्कम मागतो. ती द्यावी का, असे आपण विचारले आहे. ती देऊ नये. संपकाळात फाईल तपासणारा अधिकारीच कामावर नसेल, तर ती रक्कम कोणाच्या हातून फाईल हलवणार?

19 एप्रिल 2023 रोजी कॅनडातील सुमारे 1 लाख 55 हजार केंद्रीय कर्मचारी वेतनवाढ आणि घरून काम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले, त्यांत इमिग्रेशन विभागाचेही कर्मचारी होते. त्या काळात ऑनलाइन अर्ज भरता येत होते आणि खासगी कंपन्या चालवत असलेली व्हिसा अर्ज केंद्रेही उघडी होती. रखडली ती अर्जांची तपासणी आणि निर्णय. करखाते वगळता बहुतेकांचा संप 1 मे रोजी मिटला, परंतु दरम्यान साचलेले अर्ज उपसायला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो. आपल्याकडे मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा तो मिटल्याच्या दुसऱ्याच दिवशी तहसीलमधले सगळे दाखले हाती आले नव्हते, हे आपणास आठवत असेल.

मात्र संपामुळे कोणाचा अर्ज नामंजूर होत नाही. पात्रतेचे निकष तेच राहतात, लांबतो तो निर्णय. म्हणून अर्ज शक्य तितक्या लवकर आणि पूर्ण कागदपत्रांसह भरावा, कारण अपुऱ्या कागदासाठी पुन्हा पत्रव्यवहार झाला तर संप नसतानाही कित्येक आठवडे जातात. बायोमेट्रिक्सचे, म्हणजे बोटांचे ठसे व छायाचित्र देण्याचे, पत्र येताच मुदतीच्या आत ते द्यावेत. उशीर झाला म्हणून दुसरा अर्ज मात्र भरू नये. शुल्क दुप्पट लागते आणि गोंधळ वाढतो.

माझा सर्वाधिक आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. परमिट वेळेत न आल्यास प्रवेश पुढील सत्रात ढकलता येईल का, आणि भरलेल्या शुल्कापैकी किती परत मिळेल, हे मुलाने विद्यापीठाला आजच ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीची मुदत किती दिवसांची आहे, तेही बँकेत जाऊन पाहावे. जमीन तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे व्याज परमिट येण्याआधीच सुरू होणे कोणत्याही शेतकरी कुटुंबाला जड जाते. विमानाचे तिकीट परमिट मंजूर झाल्यावरच काढावे.

याशिवाय भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अर्ज त्याने याच वर्षी भरून ठेवावा. कॅनडाचे उत्तर उशिरा आले तरी त्याचे वर्ष वाया जाणार नाही, आणि आपल्यालाही घाईने कोणाला पैसे देण्याची वेळ येणार नाही.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक